दारातल्या चपला

रंजनाच्या दारात पुरुषाच्या चपलांचा एक जोड असतो. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ती तो उचलते आणि काल होता त्याहून जरा निराळा ठेवते. कधी दोन्ही शेजारी शेजारी, कधी उंबऱ्याकडे तोंड करून, माणूस घाईनं आत गेल्यासारखा, कधी एक सरळ नि एक पालथी. पावसाळ्यात ती त्यांना ओढ्याकाठचा चिखल लावते. जोड नवा असला तर आधी काही दिवस स्वतःच घालून न्हाणीपर्यंत ये-जा करते, टाचेचा रंग उडेपर्यंत. चपला कामशेतच्या बाजारातून येतात. दुकानदारानं विचारलं कुणासाठी, तर म्हणते, "मालकांसाठी."

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, पालथी चप्पल दारात ठेवू नये. घरात भांडणं होतात."

"भांडायला समोर दुसरं माणूस लागतं, काकू," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

मालक घर सोडून गेले तेव्हा तिची लेक किरण प्राथमिक शाळेत होती. ती किरण आता तळेगावला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

आमचं गाव लोणावळ्याच्या पलीकडे, धरणाच्या वाटेवर. रंजनाचं घर आणि आमचं घर, मध्ये एकच भिंत. ती माहेरची आंदर मावळातली. लग्न होऊन आली तेव्हा पायात जाड जोडवी आणि बोलणं असं, की ओढ्याच्या त्या काठावरून हाक मारतेय. तिकडं घरं लांब लांब, एसटी दिवसाची एखादी, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय. संदीप, तिचा नवरा, जीप चालवायचा. पुढे पनवेलला एका कंपनीच्या गाडीवर लागला. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्याला, मग सणाला. मग कळलं की त्यानं तिकडे दुसरा संसार मांडलाय. काडीमोड नाही, भांडण नाही, निरोप नाही. नुसता यायचा थांबला.

त्याची आई बयाबाई तेव्हा होती. फार बोलायची नाही. एक दिवस नवं लुगडं नेसून पंचायतीत गेली आणि घर सुनेच्या नावावर करून आली. मला म्हणाली, "पोरगा माझा खरा. पण घर हिचं."

रंजनानं कपाळाचं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. काढायला कारणही नव्हतं. माणूस जिवंत होता. माझ्या घरी मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहिली ओटी तिचीच असायची, अजून असते.

पोटासाठी तिनं भाकरी हाती घेतली. धरणाकडे बंगले झाले, शनिवार-रविवार तिथे पुण्या-मुंबईची माणसं उतरतात, त्यांना चुलीवरचं जेवण लागतं. रंजना पिठलं, भाकरी, कोंबडीचा रस्सा करून डबे देते. आधी बंगल्यांचे राखणदार येऊन डबे न्यायचे. मग कुणीतरी पाहुण्यांनाच तिचा नंबर नि घराचा रस्ता सांगायला लागलं आणि गाड्या थेट तिच्या दारात थांबू लागल्या.

चपलांची गोष्ट तिथून सुरू झाली. एका रविवारी दुपारी चौघं जण डबे न्यायला आले. डबे घेतले, पैसे दिले, पाणी मागितलं, आणि ओट्यावर बसले ते बसलेच. बोलता बोलता एकानं विचारलं, "घरात कोण कोण असतं?" रंजना चुलीपुढे, किरण तिच्या मागे. बयाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती उठली, फडताळाखालून लेकाच्या जुन्या चपला काढल्या, त्या पोरांच्या समोर उंबऱ्याशी ठेवल्या आणि आत तोंड करून ओरडली, "संदीप, उठ रं. पाव्हणं आल्यात." घरात संदीप नव्हताच. पण पोरं उठली.

तेव्हापासून चपला दारात. बयाबाई गेली, चपला राहिल्या. रंजनानं त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे दोरीवर पुरुषाचा शर्ट. तो मीच दिलेला, आमच्या ह्यांचा, कॉलर विरलेला. दुसरी म्हणजे हाक. अनोळखी माणूस दारात आला की दार उघडण्याआधी ती आत बघून म्हणते, "अहो, कुणीतरी आलंय."

आणि आमचे हे भिंतीच्या अलीकडून खोकतात.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर ओटीवर पेपर घेऊन बसतात. एकदा तिची हाक ऐकू आली आणि ह्यांनी घसा खाकरला. मग तशीच पद्धत पडली. ह्या विषयावर ते दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मीच एकदा देवापुढे बसले असताना मनात विचारलं होतं की खोटं बोललं तर पाप, मग खोटं खोकलं तर काय? एकवीरा आईनं उत्तर दिलं नाही. मी ते पाप नाही असं धरून चालले.

यंदा ग्रामसभेत ठराव झाला. ज्या घराचा भार एकट्या बाईवर आहे, त्या घराला निम्मी घरपट्टी माफ. अट अशी, की घरात दुसरं सज्ञान माणूस नको. मूल अठराच्या वर गेलेलं असलं तरी शिकत असेल तर चालेल, फक्त कॉलेजचा दाखला जोडायचा. बंगल्यांमुळे पट्टी वाढत चाललेली. रंजनाच्या घरालाही जेवणाचा धंदा म्हणून जादा आकारणी लागली होती. निम्मी सुटली असती तर किरणच्या पुस्तकांचं आणि येण्या-जाण्याचं वर्षभराचं भागलं असतं. मागच्या वर्षी त्यासाठी रंजनानं जोडवी मोडली होती.

किरणनंच दाखला आणला, किरणनंच अर्ज लिहिला. अर्ज घेऊन ती आमच्या ओटीवर आली. "आजी, हे आपल्यासाठीच केलंय बघा. आई एकटी कमावते. मी वीस वर्षांची आहे पण शिकते. सगळं बसतंय."

रंजना मागे उभी होती. "सही कुटं करायची?" एवढंच म्हणाली. अर्जात एक ओळ होती, पती सोबत राहत नाहीत. ती तिनं बोटानं दोनदा वाचली. मग सही केली.

पाहणीला भाऊसाहेब येणार असं कळलं. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. हे नवीन, लातूरकडून बदलून आलेले, गावात कुणाला ओळखत नव्हते. किरणची त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती. जाताना आईला बजावून गेली, "कागद टेबलावर काढून ठेवलेत. विचारतील तेवढंच सांग. घाबरू नको."

रंजना घाबरली नव्हती. पण सकाळपासून तिच्या डोक्यात एकच होतं, आज दारात परका माणूस येणार आहे.

मी तुळशीला पाणी घालत होते. बघितलं तर तिनं अंगण सारवलं, चपला काढल्या, ओल्या चिखलात एकदा दाबल्या आणि उंबऱ्याकडे तोंड करून ठेवल्या. शर्ट धुऊन दोरीवर टाकला. माझ्याही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं बघतेय, त्यामुळे दारात चपला नसत्या तरच मला खटकलं असतं.

भाऊसाहेब मोटारसायकलवरून आले. हातात फाइल, तरुण, जरा अवघडलेला. "रंजनाताई इथेच राहतात का?"

रंजना दारात आली. तो माणूस ओळखीचा नाही हे तिनं पाहिलं. आणि आत मान वळवून म्हणाली, "अहो, कुणीतरी आलंय."

आमचे हे खोकले.

मी तांब्या खाली ठेवला. रंजना जागच्या जागी उभी. तिच्या तोंडावरचा रंग कसा उतरला ते मी पाहिलं. भाऊसाहेबांनी चपलांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग शांतपणे म्हणाले, "मालक घरी आहेत वाटतं. बोलवा की बाहेर. त्यांचीच सही घेऊ."

"न्हाईत."

"ताई, आत्ता तुम्हीच हाक मारलीत."

"ती अशीच मारते मी."

"आणि खोकलं कोण?"

तोवर समोरची सावित्राबाई येऊन उभी राहिली होती. तिला बातमी सांगायला जावं लागत नाही, बातमीच तिच्याकडे येते. पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊसाहेब, खोकला शेजारचा हाय. शर्टबी शेजारचाच हाय. हिच्या घरात सगळं हाय, फक्त नवरा न्हाई."

भाऊसाहेबांना काहीच उमजेना. ते आमच्या दाराकडे बघायला लागले. आमचे हे पेपर हातात धरून उभे राहिले होते. साठी उलटलेला माणूस, पण कान लाल झाले होते. मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. बयाबाईपासून सांगितलं. ते चार पोरगे, चपला, शर्ट, हाक, सगळं. सांगताना मला कळत होतं की जे इतकी वर्षं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी न बोलता चाललं होतं ते मी आज अंगणात मांडतेय, आणि सावित्राबाई त्यातला एकेक शब्द वेचून घेतेय.

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. घरात जाऊन बघून आला, दोन खोल्या, एक पलंग, किरणच्या पुस्तकांची फळी. बाहेर येऊन म्हणाला, "मला पटलं, ताई. पण कागदावर पंच लागतील. शेजारच्या दोघांनी लिहून द्यावं लागेल की ह्यांचे पती इथे राहत नाहीत."

"मी देते," मी म्हटलं.

"मीबी देते की," सावित्राबाई म्हणाली. "खरं तेच सांगायचं. लपवायचंय कशाला? गावाला काय ठाऊक न्हाई व्हय?"

त्यांनी पंचनामा लिहून वाचून दाखवला. रंजना ओट्यावर बसून ऐकत होती, दोन्ही हात मांडीवर. सह्या झाल्या. भाऊसाहेबांनी फाइल मिटली आणि सहज म्हणाले, "आता यादी लावली की झालं."

"कसली यादी?" रंजनानं विचारलं.

"मंजूर झालेल्यांची. पंचायतीच्या बाहेर फलकावर लागते. कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून. हरकत आली नाही की सूट लागू."

"फाट्यावरल्या फलकावर?"

"हो, तोच."

"काय लिवत्यात त्यावर?"

"नाव, घर नंबर. वर मथळा, एकट्या महिलांच्या घरांना घरपट्टी सवलत."

आमच्या पंचायतीचा फलक फाट्यावर आहे. शेजारी चहाची टपरी. बंगल्यांकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. ड्रायव्हर उतरतात, चहा घेतात, रस्ता विचारतात, बंगल्यांचे दलाल तिथेच बसलेले असतात. चहा येईपर्यंत माणूस समोर असेल ते वाचतो.

रंजनानं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "भाऊसाहेब, त्यो फलक वगळून न्हाई का व्हायचं?"

"नियम आहे, ताई. माझ्या हातात असतं तर मी केलं असतं."

"व्हय," ती म्हणाली. "तुमचा काय दोष न्हाई."

ती उठली. दारातल्या चपला उचलल्या, वाळत आलेला चिखल बोटानं काढला आणि पुन्हा होत्या तिथेच ठेवल्या. "मंग अर्ज माघारी द्या. मी पुरी पट्टी भरते."

"अहो, मंजूर झाल्यात जमा आहे."

"द्या माघारी."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी सही त्याच कागदावर वाळत होती.

संध्याकाळी किरण आली आणि भिंतीपलीकडे जे झालं ते ऐकू न येण्यासारखं नव्हतं. मी दिवा लावला होता, वही काढली होती. रोज एक पान लिहिते, त्या दिवशी नुसती तारीख घातली आणि पेन हातात धरून बसले.

"तुला नवरा नाही हे लिहायची लाज वाटते ना तुला?" किरण म्हणत होती. "त्यांना लाज नाही वाटली सोडून जायची. तू मात्र अजून त्यांच्या चपला पुसत बस."

"त्याच्या न्हाईत त्या. कामशेतच्या हायत."

"आई, चेष्टा नको."

"मी कुटं चेष्टा करते? त्याच्या असत्या तर कवाच चुलीत गेल्या असत्या."

"मग अर्ज मागे का घेतला? हा आपला हक्क होता. मी कॉलेजात दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरले. सगळ्यांना सांगितलं, माझी आई एकटी आहे. मला नाही लाज वाटली."

"तू कॉलेजात सांगितलंस. मला फाट्यावर सांगायचं व्हतं." रंजनाचा आवाज चढला नव्हता. "तू हप्ताभर सकाळची जातीस ती दिवेलागणीला येतीस. दारात गाड्या थांबत्यात त्या मी बघते. तुला सुट्टी असली की त्या गाड्यांतली माणसं तुझ्याकडं कशी बघत्यात त्येबी मीच बघते. नाव, घर नंबर, आन् घरात बाप्या न्हाई. असं लिवून फाट्यावर टांगू?"

"मग भीतीपायी आपण त्या माणसाची पट्टी भरायची? जो नाहीच त्याची?"

"व्हय," रंजना म्हणाली. "त्येवढ्याच कामाचा हाय त्यो. भरते मी त्याची पट्टी."

मग भांडी घासल्याचा आवाज. किरण त्या रात्री जेवली नाही, सकाळी आईशी न बोलता स्टेशनला गेली. बरेच दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं चाललं. मी रंजनाला म्हटलं, पैसे कमी पडत असतील तर सांग. ती म्हणाली, "काकू, डबं वाढवीन. तुमी त्याची काळजी करू नगा." म्हणजे आणखी गाड्या, आणखी अनोळखी माणसं. ते तिलाही कळत होतं.

सावित्राबाईनं तिचं काम केलं. पाणवठ्यावर, किराणाच्या दुकानात, भजनाच्या बैठकीतही. शर्ट शेजारचा, खोकला शेजारचा, असं म्हणून बायका हसायच्या. वाईट अर्थानं नाही म्हणत असतील, पण हसायच्या. माझ्या समोर एकीनं विचारलं, "आता औषध कुणी द्यायचं काकांना? तुम्ही का रंजनानं?" मी टाळ खाली ठेवून उठून आले. त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी ओटीवर बसणं सोडलं. पेपर आतल्या खोलीत वाचायला लागले. रंजनानं शर्ट घडी करून माझ्या हातात परत दिला. "काकांना वंगाळ वाटत आसंल," म्हणाली. मी तो घेतला आणि घेतल्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही.

तिनं हाक मारणं मात्र सोडलं नाही. गाडी थांबली की, "अहो, कुणीतरी आलंय." आणि आमच्याकडून खोकला नाही. भिंतीच्या अलीकडे आमचे हे पेपर उलटायचे, पानाचा आवाजसुद्धा होऊ न देता.

घरपट्टी तिनं भरली. पावती देवाच्या फडताळात ठेवलीय. फाट्यावरच्या फलकावर यादी लागली, तिच्यात गावातल्या काही बायकांची नावं आहेत, सगळ्या म्हाताऱ्या. मी चहाच्या टपरीशी उभी राहून वाचली. माझ्या शेजारी एक ड्रायव्हर चहा पीत तीच वाचत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्यानं मान फिरवली. बिचारा नुसताच वाचत असेल.

परवा रविवारी दुपारची गोष्ट. किरणला सुट्टी होती. रंजना मागच्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, हात पिठाचे. गाडी थांबली, दोन दारं वाजली. मी आमच्या खिडकीतून पाहिलं. दोघं तरुण, अर्ध्या चड्डीतले, डोळे तांबारलेले. डबे सांगितलेले नव्हते. एक जण ओट्याच्या पायरीवर चढून म्हणाला, "इकडे जेवण मिळतं ना? आत बसून चालेल का?"

दारात किरण आली. तिनं दोघांकडे पाहिलं, पायरीवर चढलेल्याकडे जास्त वेळ. मग खाली, चपलांकडे. मला वाटलं ती आता नीट इंग्रजीत काहीतरी सुनावेल. तिला येतं तसं.

तिनं मान आत वळवली आणि म्हणाली, "पप्पा, कुणीतरी आलंय."

हा शब्द मी तिच्या तोंडून ती फ्रॉकमध्ये असताना ऐकला होता. मागच्या चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. कुठूनच खोकला आला नाही, आणि पायरीवरचा पोरगा आत डोकावायला लागला.

मी आतल्या खोलीत गेले. आमचे हे पेपर हातात घेऊन बसले होते, वाचत नव्हते. त्यांनीही ऐकलं होतं. माझ्याकडे बघत होते, जणू मी काय म्हणते त्यावर ठरणार होतं.

"बाहेर बसा," मी म्हटलं. "ओटीवर बसा."

ते उठले. ओटीवर त्यांची खुर्ची इतक्या दिवसांत मी आत घेतली नव्हती, धूळ बसली होती. तिच्यावर तसेच बसले आणि खोकले. एकदा खोकले आणि पुन्हा एकदा, मोठ्यानं. समोरच्या दारात सावित्राबाई उभी होती. तिच्याकडे बघून तिसऱ्यांदा खोकले.

गाडी गेली. किरण दारातच उभी होती. खाली वाकून तिनं एक चप्पल सरळ होती ती पालथी केली आणि आत गेली.